रेडिओचा नाद

मराठीत ‘नाद’ या एका शब्दात दोन गोष्टी राहतात. तंबोऱ्याच्या तारेतून उठतो तो नाद, आणि मुलगा अभ्यासातून उठला म्हणून आईवडील ज्याला बोल लावतात तोही नादच. नाटकाचा नाद, तमाशाचा नाद, पत्त्यांचा नाद ही यादी जुनीच होती. १९५०च्या दशकात तिच्यात रेडिओची भर पडली. त्याआधी चाहते नव्हते असं नाही. बालगंधर्वांचं नेसणं, त्यांची नथ, त्यांची केशभूषा यांची नक्कल मराठी घरांतल्या बायका विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत करत होत्या, आणि नाटकापायी पोरं घर सोडून पळतात ही तक्रारही तेव्हाचीच. पण नाटकाच्या चाहत्याला थिएटरात जावं लागे, तिकिटाला पैसे लागत, मुळात कंपनीचा मुक्काम गावात पडावा लागे. रेडिओनं आवाज थेट माजघरात आणला, आणि ऐकणाऱ्याला उलट टपाली उत्तर देण्याची सोय करून दिली. या सोयीतून दोन-तीन पिढ्यांच्या तरुणांना स्वतःची एक ओळख मिळाली. आज मोबाइलवरच्या ताऱ्यांच्या मागे लागलेल्या मुलांची काळजी करताना आपण बहुतेक दोनच प्रश्न विचारतो: मुलं काय बघतात आणि किती वेळ बघतात. रेडिओच्या काळातही हेच विचारलं गेलं, त्यावर सरकारी धोरण आखलं गेलं, आणि ते धोरण फसलं. कारण निर्णायक प्रश्न तिसराच होता. माध्यम तरुणाकडून काय करून घेतं, आणि त्या बदल्यात त्याला कोण म्हणून ओळखतं?

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२पर्यंत ते खातं त्यांच्याकडे राहिलं. मराठी माणूस, पॅरिसला शिकलेला, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेसंगीताचा शत्रू एवढीच त्यांची आठवण लोकांनी ठेवली, हा त्यांच्यावर अन्याय आहे. संस्थानं विलीन झाली आणि दरबारी गवयांचा आश्रय तुटला, त्या वेळी शेकडो कलावंतांच्या चुली रेडिओच्या बिदागीवर पेटत्या राहिल्या. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन ही त्यांच्याच काळातली कामं. पण सिनेमाच्या गाण्यांनी तरुणांची अभिरुची बिघडते आहे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी अमलात आणलं. लोकांच्या तोंडी ‘केसकरांची बंदी’ असंच राहिलं असलं तरी घडलं ते थोडं वेगळं होतं. सिनेगीतांचा वेळ एकूण कार्यक्रमांच्या दहाव्या हिश्श्यावर आणला गेला, गाणी निवडून घेतली जाऊ लागली, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं ही जाहिरात ठरवून ते बंद करण्यात आलं. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. काही महिन्यांत ऑल इंडिया रेडिओवर सिनेमाचं गाणं ऐकू येणं जवळजवळ थांबलं. तरुणांनी काय ऐकू नये हे ठरवणारं स्वतंत्र भारतातलं हे पहिलं मोठं पाऊल म्हणता येईल, आणि ते एका सज्जन, सुसंस्कृत माणसानं चांगल्या हेतूनं टाकलं होतं.

तरुणांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी कोलंबोत उभारलेला जबरदस्त शॉर्टवेव्ह प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, सरकारकडे आला होता आणि १९५०पासून तिथे हिंदी कार्यक्रमांची व्यापारी सेवा चालू झाली होती. इकडे कोकणाच्या दक्षिण टोकाला पोर्तुगीज अमलातल्या गोव्याचं एमिसोरा द गोवा हे केंद्रही गाणी लावत होतं. डिसेंबर १९६१मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत भारतीय विमानांनी बांबोळीचं प्रक्षेपण केंद्र उडवलं तेव्हा ते थांबलं. पण खरा दिग्विजय सिलोनचा. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम लागला. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप विमानानं कोलंबोला जायची. निवेदक अमीन सयानी यांना त्या दिवशी विशी पुरी करायला अठरा दिवस बाकी होते. आठवड्याचे पंचवीस रुपये मिळतील, या बोलीवर त्यांनी हे काम घेतलं होतं. म्हणजे ज्या तरुणांची काळजी दिल्लीत केली जात होती, त्यांच्याच वयाचा एक मुलगा त्यांच्याशी बोलायला बसला होता. त्याची सोपी हिंदुस्थानी आली कुठून, हेही सांगायला हवं. त्याच्या आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करत. नवसाक्षरांसाठी गांधीजींच्या सांगण्यावरून त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत, आणि घरातल्या या कामात अमीनचाही हात होता. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसालाही कळेल अशी भाषा त्यानं तिथे उचलली. बिनाका टूथपेस्ट विकणाऱ्या कार्यक्रमाच्या आवाजामागे साक्षरतेची चळवळ होती, ही गोष्ट या इतिहासात फार मोलाची आहे, आणि ‘बाजारू’ म्हणून हात झटकणाऱ्यांना ती कधी दिसली नाही.

सुरुवातीला गीतमाला ही स्पर्धा होती. सात गाणी ऐकवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्रानं कळवायचा, बरोबर उत्तराला शंभर रुपये. सयानी पुढे सांगत की पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, आणि वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. ज्या देशात रेडिओचे परवाने मोजके होते, बहुसंख्य लोक निरक्षर होते आणि शंभरातल्या नव्व्याण्णवांना बक्षीस मिळणार नव्हतं, तिथे ही पत्रं शंभर रुपयांसाठी येत होती असं मानता येत नाही. पत्रं हाताळणं अशक्य झालं तेव्हा स्पर्धा सोडून लोकप्रियतेच्या उतरंडीनं गाणी वाजवणं सुरू झालं. मग क्रम ठरवायला रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं घेतली जाऊ लागली. श्रोता संघ ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत लक्ष देण्याजोगी गोष्ट. पाच-पंचवीस पोरं जमायची, वर्गणी काढायची, संघाला नाव द्यायची. कुणी लेटरहेड छापून घ्यायचं, कुणी रबरी शिक्का करून आणायचं. अक्षर चांगलं असेल तो चिटणीस. मग कुठलं गाणं कितव्या पायरीवर, यावर भांडण व्हायचं, आणि भांडण मिटल्यावर संघाचं एक मत टपालात पडायचं. ते पडलं की पुढच्या बुधवारपर्यंत वाट पाहायची.

आवडीचं गाणं लावण्याची विनंती करणारं फर्माइशीचं कार्ड हा तर एक छोटा दस्तऐवजच असे. वरती चित्रपटाचं नाव, खाली गाण्याचे पहिले शब्द, मग नावांची रांग. भाऊ, बहिणी, मित्र, मित्रांचे मित्र, कधी घरातलं तान्हं पोरही. जागा संपत आली की अक्षर बारीक होत जाई आणि नावं पत्त्याच्या बाजूला वळत. सगळ्यात शेवटी गाव. निवेदक गाणं लावण्याआधी ती नावं एका दमात वाचत असे, आणि गाव आलं की थांबत असे. त्या थांबण्यातच झुमरी तलैया देशाला ठाऊक झालं. आजच्या झारखंडात, कोडरमाजवळचं, अभ्रकाच्या खाणींवर वाढलेलं हे गाव. तिथून इतक्या फर्माइशी येत की ते खरंच आहे की निवेदकांनी काढलेलं नाव आहे, अशी शंका लोक घेत. दुसऱ्या गटाची कार्डं टपालातच गायब करण्यापर्यंत तिथली चुरस गेली होती असंही सांगतात. महाराष्ट्रात आकाशवाणीच्या ‘आपली आवड’नं हीच भूक मराठी गाण्यांपुरती भागवली. रविवारी वर्तमानपत्रात नाव यावं असं काही हातून घडण्याची शक्यता नसलेल्या मुलाचं नाव, त्याच्या गावासकट, त्याच्या आवडत्या गायिकेच्या आवाजाला लागून, सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

या क्षणाचं वजन आज आपल्याला नीट जोखता येत नाही. त्या काळच्या बहुतेक तरुणांची ओळख दुसऱ्यांनी ठरवलेली होती. अमक्याचा मुलगा, तमक्या जातीचा, अमुक वाड्यातला, मॅट्रिकला दोनदा बसलेला. फर्माइशीच्या कार्डावर त्यानं स्वतःची ओळख स्वतः लिहिली, आणि ती आवडीतून लिहिली. ‘मला हे गाणं आवडतं’ हे वाक्य साधं वाटतं, पण लग्न, धंदा, कपडे यांतलं काहीच स्वतः ठरवायची मुभा नसलेल्या अठरा वर्षांच्या माणसाला ते उच्चारणं सोपं नव्हतं. शिवाय ही ओळख एकट्याची नव्हती. रांगेत मागे-पुढे मित्रांची नावं होती. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी खोल जातं. ज्या मुलीला चौकातल्या रेडिओच्या दुकानासमोर उभं राहता येत नव्हतं, तिचं नाव भावंडांच्या रांगेतून घराबाहेर जात होतं, आणि तिच्या आवडीचं गाणं चौकात वाजत होतं. श्रोता संघ बहुतेक मुलग्यांचेच असत, हे मान्य करायला हवं. मुलीला न विचारता तिचं नाव आपल्या नावाला जोडून धाडणारे आगाऊही होते. पण घरातल्या घरात, स्वयंपाक करता करता कान लावून ऐकणाऱ्या बायकांनी ज्या गाण्यांवर आपलं मन ठेवलं, त्याची नोंद त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या व्यवहारात होत होती?

आता माध्यम तरुणाकडून काय करून घेतं हेच निर्णायक, या दाव्याला पुरावा काय, असं कोणी विचारेल. गोड आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. बरोबर आहे. म्हणून याच काळातला, आपल्याच मुलखातला एक प्रयोग पाहू. १९५६ साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुण्याहून शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. कॅनडातल्या रेडिओ मंडळांचा नमुना समोर होता. गावात वीसेक जणांचं मंडळ, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो एकत्र बसून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं ऐकायची. मोजमापाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, आणि प्रमुख पॉल न्यूराथ. हे मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेले समाजशास्त्रज्ञ. या अभ्यासाची खरी ताकद तुलनेत आहे. मंडळाची गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि रेडिओच नाही अशी गावं, असे तिन्ही प्रकार तपासले गेले. मंडळाच्या गावांतली माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक थोडाच पडला. हवेतून येणारा कार्यक्रम तोच होता, लाउडस्पीकर सारखाच होता. फरक होता तो एकत्र बसण्याचा, बोलण्याचा आणि आपला प्रश्न पुण्यात कोणीतरी वाचतं आहे या जाणिवेचा. बी-बियाणं आणि सिनेमाचं गाणं यांत अंतर आहे, एकातून शेत सुधारतं आणि दुसऱ्यातून सुधारत नाही, हा आक्षेप मला समजतो. पण इथे आपण विषयाची नाही, ऐकण्याच्या रीतीची तुलना करतो आहोत. ज्या रीतीनं शेतकरी शिकला, तीच रीत श्रोता संघातल्या पोरांनी कोणी न शिकवता स्वतः शोधून काढली होती: एकत्र ऐका, वाद घाला, लिहून कळवा, उत्तराची वाट पाहा. सरकारनं एका हातानं ही रीत खेड्यात रुजवली, आणि दुसऱ्या हातानं तीच रीत पाळणाऱ्या तरुणांना नादी ठरवलं.

केसकरांच्या बाजूनं एक मजबूत मुद्दा उरतो आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्यांच्याच अमदानीत, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, सीताकांत लाड यांची कल्पकता. वर्षभर चालून छप्पन्न गीतं झाली. घरोघर रेडिओला हार घातले गेले. सिनेमाची गाणी दूर ठेवल्यामुळे सुगम संगीताला जागा मिळाली आणि त्या जागेत हे उगवलं, असं कोणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की चांगल्याला जागा दिली तर चांगलं येतं. वाईट म्हणून ठरवलेलं काढून टाकल्यामुळे तरुण सुधारतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि आणखी एक पाहा. गीतरामायण ऐकणाऱ्यांनीही गाणी वहीत उतरवून घेतली, आठवडाभर वाट पाहिली, शेजाऱ्यांना घरात बसवून ऐकवलं. भक्त आणि चाहता यांचं वागणं इतकं सारखं होतं की एकाला संस्कार आणि दुसऱ्याला नाद म्हणणं हा फक्त विषयाचा पक्षपात होता. सरकारलाही शेवटी हे उमगलं. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली, सिनेगीतं आणि फर्माइशी परत आल्या. १ नोव्हेंबर १९६७ला मुंबई, पुणे आणि नागपूरहून तिच्यावर जाहिरातीही आल्या. अभिरुचीचा मुद्दा पाच वर्षांत गुंडाळावा लागला.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. हे सगळं शेवटी एका कंपनीची टूथपेस्ट खपवण्यासाठी होतं. होतंच. बिनाकाच्या खोक्यात प्लास्टिकची इवलीशी जनावरं निघत आणि ती जमवण्यासाठी मुलं घरात हट्ट धरत. हत्ती मिळाला, सिंह मिळाला, आता उंट हवा म्हणून पेस्ट बोटभर जास्त दाबली जाई. मतांमध्येही लबाडी शिरली. विक्रीचे आकडे फुगवण्याचे, संघांना हाताशी धरण्याचे प्रयत्न झाले आणि आयोजकांना त्यावर पहारा ठेवावा लागला. म्हणजे चाहत्यांच्या उत्साहावर कुणीतरी पैसा करतं ही गोष्ट आजची नाही. फरक आहे तो त्या व्यवहाराच्या मर्यादांत. कंपनीला पेस्ट विकायची होती, पण मुलाला दिवसभर रेडिओसमोर बसवून ठेवायचं तिला कारण नव्हतं; कार्यक्रम ठरल्या वेळी संपे आणि सिलोनचा आवाज खरखरीत बुडून जाई. संघ किती वेळा मत देतो याला मर्यादा होती. आणि मत देण्याआधी दहा तोंडांशी भांडावं लागत होतं, त्यामुळे आपल्याला जे आवडतं ते का आवडतं, हे शब्दांत मांडायची सवय लागत होती. ती सवय ही त्या पिढीची कमाई. पुढे मराठी-हिंदी सिनेसंगीतावर ज्यांनी आस्थेनं लिहिलं, रेकॉर्ड जमवल्या, गीतांच्या सूच्या केल्या, ते बहुतेक हौशी लोक याच ऐकण्यातून घडले. विद्यापीठांनी ते काम हाती घेतलेलं नव्हतं.

१९५६ सालीच, म्हणजे पुण्याचा प्रयोग झाला त्याच वर्षी, अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी एक निबंध लिहिला. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असं वाटून प्रेक्षक त्याच्याशी एकतर्फी नातं जोडतो, हे त्यांनी पहिल्यांदा शास्त्रीय परिभाषेत मांडलं. तरुणांच्या मनःस्वास्थ्याची आजची चर्चा या निबंधापाशी पुन्हा पुन्हा येते. एकतर्फी नात्यात धोका आहे, हे खरंच. ज्याला दुसरं कोणीच नाही त्याला ते नातं आणखी एकटं करू शकतं. पण गीतमालेच्या श्रोत्याचं सयानींशी असलेलं नातं एकतर्फी असलं तरी त्या नात्याच्या आजूबाजूला शेजारची, मित्रांची, पोस्टमनची दुतर्फी नाती उभी होती. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन ज्याच्या त्याच्या उशाशी गेला तेव्हा ती थोडी विरली, आणि कानात बोंडं घालून एकट्यानं ऐकण्याची आजची तऱ्हा आली तेव्हा आणखी विरली. आजच्या मुलांच्या हातातल्या माध्यमाचं मोजमाप करताना संशोधकही अजून ‘किती वेळ’ याच प्रश्नात अडकलेले दिसतात. २०१९मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली. डिजिटल वापर आणि मुलांचं स्वास्थ्य यांचा संबंध उलटा होता, पण स्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग त्या वापरानं उलगडत होता. यावरून मोबाइल निर्धोक आहे असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. तास मोजून उत्तर मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक मुलगी दोन तास मैत्रिणींबरोबर आवडत्या गायकाच्या गाण्यांचं भाषांतर करते, दुसरी दोन तास स्वतःच्या चेहऱ्याची त्याच्या चेहऱ्याशी तुलना करते. तासांच्या रकान्यात दोघी सारख्याच.

आजचे चाहते एकटे असतात आणि पूर्वीचे मिळून-मिसळून होते, अशी सोपी विभागणी मी करणार नाही. ती वस्तुस्थितीला धरून नाही. कोरियाच्या बीटीएस या गायकांच्या चमूनं जून २०२०मध्ये अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी जगभरातून तेवढीच रक्कम एका दिवसाच्या आसपास उभी केली. श्रोता संघाची ती थेट नात आहे. पण त्याच चाहत्यांकडून आणखी एक काम करून घेतलं जातं: नवं गाणं आलं की आकडा चढावा म्हणून ते पुन्हा पुन्हा, आवाज बंद करूनसुद्धा, वाजवत ठेवायचं. गाणं न ऐकता वाजवणं, ही गोष्ट १९५२च्या तरुणाला समजावून सांगता आली नसती. इथे मुलगा आकडा होतो. त्याचं नाव कोणी वाचत नाही, त्याचं गाव कोणी विचारत नाही, आणि त्याच्या थकव्याचा हिशेब कुठेच नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुलाकडून, एकाच आठवड्यात होत असतात. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी ‘कोणाचा फॅन आहेस’ यावर नाराज होण्याऐवजी ‘त्याच्यासाठी तू काय काय करतोस, आणि कोणाबरोबर’ हे विचारावं. पहिल्या प्रश्नावर मुलगा गप्प बसतो. दुसऱ्यावर तो तासभर बोलेल, आणि त्या तासात ऐकणाऱ्याला त्याच्याबद्दल जे कळेल ते प्रगतिपुस्तकातून कळणार नाही.

गीतमाला १९८९मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४मध्ये बंद झाली. २० फेब्रुवारी २०२४ला अमीन सयानी गेले, त्या दिवशी त्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती सगळीकडे ऐकवल्या गेल्या. त्यांचा आवाज जपला गेला आहे. त्यांना लिहिणाऱ्यांची अक्षरं मात्र जपली गेली नाहीत, कारण आठवड्याला हजारोंनी येणारी कार्डं कोणी साठवण्यासाठी मागवलेली नव्हती. त्या तरुणांनी स्वतःबद्दल काय लिहिलं, नावं कोणत्या क्रमानं लावली, संघाचं नाव काय ठेवलं, कोणत्या गाण्यावरून संघ फुटला, हे आता फक्त घराघरांतल्या माळ्यांवर सापडू शकतं. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ज्या घरांत श्रोता संघाचं लेटरहेड, रबरी शिक्का, वर्गणीची वही, गाण्यांच्या क्रमवारीच्या वह्या किंवा जपून ठेवलेला रेडिओचा परवाना असेल, त्यांना विनंती आहे की हे कागद रद्दीत घालू नका. ते लिहिणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक कागदावर कोण, कुठलं, कोणतं साल हे पेन्सिलीनं लिहून घ्या, आणि तो गठ्ठा गावच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या.